पाच सेकंदांची डुलकी

"दाबलं बघा बटण. ऐका आता," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

सगळ्यांनी कान टवकारले. काहीच नाही. मग झोपेतून दचकून उठल्यासारखा स्पीकर बोलला, "...फ्ट!" स्पीकर तपासायचे ठरलेले शब्द, 'फ्रंट लेफ्ट', म्हणायचे होते बिचाऱ्याला.

"बघितलंत? आधी उशीर, वर शब्दही गिळला," मोठ्या बाई म्हणाल्या. "काकू, राग मानू नका, पण हे स्पीकर आता टाकायचेच झाले."

मोठ्या बाई म्हणजे अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत बारा कॉम्प्युटर, सगळे लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर चालणारे. मुलं बटण दाबतात आणि मशीन ते अक्षर बोलून दाखवतं. महिन्यापूर्वी मशीनमध्ये नवी सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून आवाज रेंगाळायला लागला. मुलांना वाटे बटण दाबलंच गेलं नाही, ती पुन्हा दाबत आणि एकाची दोन अक्षरं होत. परीक्षा तर उद्यावर आली होती. आणि हे चोवीसच्या चोवीस स्पीकर काकूंनी आपल्या स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानात बसून स्वतःच्या हातांनी नवे करून दिले होते.

टाकायचे म्हणे! काकू पुढे सरकल्या.

"स्पीकर कधी उशीर करत नाही हो बाई. वायरीतून आलं की बोलतो."

"तुमचे मिस्टर असते ना, तर एकदा ऐकून सांगितलं असतं. काय कान होता त्यांचा!"

काकूंनी नुसती मान डोलावली. दरवेळी हेच करावं लागे त्यांना. खरी गोष्ट अशी होती की शेवटची अकरा वर्षं त्यांच्या ह्यांना धड ऐकूच येत नव्हतं. गिऱ्हाइकानं स्पीकर आणला की ते स्टुलावर बसून डोळे मिटत आणि काकू फडकं घेऊन मागे उभ्या राहत. पाठीवर एक टिचकी म्हणजे स्पीकरच्या आतली कॉइल घासतेय, दोन म्हणजे पुढचा कागद फाटलाय, तीन म्हणजे वायर सैल. मग हे डोळे उघडून निकाल देत आणि गिऱ्हाईक थक्क होऊन घरी जाई. काकूंनी हे पोटच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हे गेले, 'कान गेला' म्हणून गिऱ्हाइकं पांगली, आणि स्टूल तेव्हापासून रिकामंच होतं.

आज मात्र काकूंचं डोकं फिरलं. त्यांनी पिशवीतून घड्याळाचा सेल काढला, एका स्पीकरची वायर सोडवली आणि तिची दोन्ही टोकं सेलला टेकवली.

टक्!

"झाला उशीर?" पुन्हा टेकवलं. टक्! "आता झाला? आता तुम्ही हेडफोन लावा, थेट कॉम्प्युटरला. माझा स्पीकर मध्ये नकोच."

कॉम्प्युटरवाल्यानं हेडफोन लावून बटण दाबलं आणि त्याचा चेहरा उतरला. "यातही उशिराच येतोय."

"पण तुम्ही तर म्हणालात, मशीन ठीक आहे!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"मी स्क्रीनवर बघत होतो ना! रेघ हलतेय, म्हणजे आवाज जातोय."

"इथं कुणाला दिसतेय तुमची रेघ?" कोपऱ्यातून टायपिंगचे सर म्हणाले. ते स्वतः जन्मांध. मोठ्या बाईंना हसू आवरेना.

"आता लागोपाठ दाबा," काकू म्हणाल्या.

त्यानं पटापट दाबलं. पहिला शब्द अडखळला, पुढचे सगळे खणखणीत आले.

"आता थांबा. बोलू नका कुणी." काकूंनी डोळे मिटून मनात आकडे मोजले. तीनपर्यंत मोजून दाबायला लावलं, आवाज लगेच आला. चारपर्यंत मोजलं, तरी लगेच. सहापर्यंत मोजलं आणि शब्द पुन्हा गिळला गेला.

"पाच सेकंद शांतता झाली की डुलकी काढतोय हा. आमच्या ह्यांचं तेच होतं. आधी नुसतं 'अहो' म्हणायचं, मग काम सांगायचं. एकदम सांगितलं तर पहिला शब्द वाया!"

कॉम्प्युटरवाल्यानं कपाळावर हात मारला. वीज वाचवायला नवी सिस्टीम आवाजाचा भाग पाच सेकंदांनी झोपवत होती. "कधी झोपायचं नाही" असं त्यानं एका फाईलमध्ये लिहिलं, मशीन बंद करून चालू केलं. सगळे दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग सरांनी एक बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत अक्षर कानावर आलं.

"काकू, चुकलं माझं," मोठ्या बाई म्हणाल्या. "एकही स्पीकर इथून हलणार नाही." काकूंना इतकं बरं वाटलं की त्या चहाला नाही म्हणायचंच विसरल्या.

निघताना सर काठी टेकत दारापर्यंत आले.

"कान तुमचाच होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हा म्हणजे?"

"रेडिओ घेऊन यायचो ना मी तुमच्याकडे. मिस्टर बोलायच्या आधी पाठीवर टिचकी वाजायची. एक वाजली की कॉइल."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. "कुणाला बोलला नाहीत ना?"

"छे हो! दुकान दोघांचं. मी कोण मध्ये बोलणारा?"

काकू ताठ मानेनं रस्त्यानं चालत आल्या. आपल्याला कुणीतरी ऐकलं होतं, या आनंदानं ऊर भरून आला होता त्यांचा. दुकान उघडतात तोवर एक बाई स्पीकर घेऊन आली. काकूंनी फडक्यानं स्टूल पुसलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यावर स्वतः बसल्या. डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

"कॉइल घासतेय," त्या म्हणाल्या. म्हणायच्या आधी त्यांच्या बोटानं सवयीनं त्यांच्याच गुडघ्यावर एक टिचकी मारली होती.