एका ओळीचा सल्ला

सकाळी अकराला सौमित्रचा फोन आला, तेव्हा आवाजावरूनच हेमाने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. तो एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. रक्ताच्या पिशव्या शोधणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, फार वेळ घेते म्हणून त्याने डेव्हलपरांच्या ग्रुपवर विचारलं होतं आणि हेमाने एका ओळीत लिहिलं होतं, ‘रक्तगटावर इंडेक्स टाक.’ इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी, पटकन शोधायची सूची.

“ताई, इंडेक्स बनवायला घेतला आणि अख्खं टेबल लॉक झालं. पिशवी दिल्याची नोंदच होत नाहीये. काउंटरवर लोक खोळंबलेत.”

 वर्दळीच्या वेळी हे करू नकोस, एवढं लिहायचं हेमाकडून राहून गेलं होतं.

“थांबव ते.”

“आणि डेटा गेला तर?”

“डेटा जात नाही, इंडेक्स तेवढा बनणार नाही. थांबव, सौमित्र.”

खराडीतल्या आपल्या गजबजलेल्या ऑफिसात ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली. दोन मिनिटांनी तो म्हणाला, “झाली एकदाची नोंद.”

मग तिने क्वेरी मागवून घेतली. शोध मुळात तारखेवरून होता, आणि तारखेवर इंडेक्स आधीपासूनच होता. पण क्वेरी प्रत्येक तारखेतून महिना वेगळा काढत बसायची, त्यामुळे तो वापरलाच जात नव्हता. तिने थेट ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी अट लिहून दिली. शोध क्षणात संपला. सौमित्रने पुन्हा पुन्हा आभार मानले. ते तिला ऐकवेनात.

ग्रुपवर तिने लिहिलं, ‘माझा सल्ला चुकला. क्वेरी न बघताच दिला होता.’ मग आपली जुनी उत्तरं काढून ती एकेक वाचू लागली.