नखभर घाई

रेकॉर्ड प्लेअरवरची वेगाची एवढीशी काळी कळ, आणि ती मधल्या पांढऱ्या रेघेवर नव्हती... केसभर पुढे. छे, केसभर कसली, चांगली नखभर सरकलेली. तिने तबकडीवरची सुई उचलली, चष्मा पदराने पुसला, पुन्हा वाकून पाहिलं. कळ पुढे म्हणजे तबकडी जलद फिरणार, तबकडी जलद फिरली की सूर वर चढणार आणि वाजवणारा धापा टाकत पळतोय असं वाटणार — हे कळायला काही तीस वर्षं रेकॉर्डांची परीक्षणं लिहावी लागत नाहीत. शेंबडं पोरही सांगेल.

"अहो, हे यंत्र तुम्ही पुसता का?"

"रोज. दीड महिना झाला," नवरा आतून म्हणाला. "का? चमकतंय ना?"

निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हाती फडकं आलं होतं. माकडाच्या हाती कोलीत परवडलं! पण ह्यांना बोलून काय उपयोग, फसलेले कान का ह्यांचे होते? दीड महिन्यात तिने तीन परीक्षणं लिहिली होती आणि तिन्हींत तोच शब्द — घाई. पियानोवाल्या नव्या मुलीला घाई, तंतुवाद्यांच्या त्या चौकडीला घाई, आणि काल... काल सरांना. सरांचं व्हायोलिन नेहमीपेक्षा वरच्या सुरात ऐकू आलं तेव्हाही शंका आली नाही. म्हातारपणचा हट्ट, असं ठोकून दिलं तिने. 'बोटं दमली आहेत, म्हणून धावताहेत. सरांनी आता थांबावं.' आज चारला ते पान छपाईला जाणार, उद्या सकाळी एक्याऐंशी वर्षांचा माणूस ते वाचणार. आणि तो थांबलाही असता, कारण तिच्या कानांवर त्याचा विश्वास होता.

कानांवरच फक्त. तेविशीतली ती, शिकायला आलेली, सरांच्या खोलीत खिडकीशी उभी, व्हायोलिनचा गज घट्ट धरलेला, आणि सर मान वर न करता म्हणाले होते, "तुझ्या हातात घाई आहे. कान मात्र चांगला आहे." बस्स, तेवढंच. तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं ते ठेवलंच, आणि पुढे त्या कानांच्या जिवावर पोट भरलं. काल शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हा किती हलकं वाटलं होतं मला... खरं बोल बाई, निदान स्वतःशी तरी. परीक्षण लिहिलंस, की छत्तीस वर्षं जपून ठेवलेला शब्द ज्याचा त्याला परत केलास?

तिने संपादकांना फोन लावला.

"सरांचं परीक्षण काढून टाका. ते चुकलंय."

"बाई, इतकं खमंग लिहिलंत, आता काय झालं?"

"चुकीच्या वेगाने ऐकलं मी. माझं यंत्र... नाही, मीच. आधीची दोन्हीही तशीच. माफी मागून पुन्हा लिहिते."

संपादक हसले. "काढतो. सावकाश द्या."

हुश्श! ती मटकन खुर्चीत बसली. चारचौघांत नाक कापलं जाणार होतं खरं, पण सर दमले नव्हते, काही दमलेबिमले नव्हते! आपण इतक्या चुकलो आणि इतकं बरं वाटतंय, याचं तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

कळ रेघेवर आणून तिने सुई टेकवली. सूर जागेवर आला. जेवण झाल्यावर माणूस अंगणात फेऱ्या मारतो, तसे सर निवांत चालले होते... आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, जेमतेम दोन मात्रांपुरते — धावले. तिने कळ पाहिली. रेघेवरच होती. पुन्हा ऐकलं. शंकाच नको, घाई.

ती मोठ्याने हसली. नवरा फडकं घेऊन दारात आला. "काय झालं?"

"सरांनाही आहे हो!"

"काय आहे?"

कागद समोर होता, पेनाचं टोपण निघालेलं. लिहावं का हे? कान म्हणत होता, लिही. पण लिहायला हात शिवशिवत नव्हता, आणि हे तिला नवीनच होतं... तिने सुई त्या जागेच्या थोडी अलीकडे ठेवली, पेन बाजूला सारलं. आणि सर धावले तेव्हा मांडीवर तिच्या डाव्या हाताची बोटंही त्यांच्याबरोबर धावली.