तीन फेऱ्यांचा बांध

मी एक दगडी रूळ बोलतोय. सिरसाळ्याजवळच्या खाणीतल्या काळ्या दगडातून धुळाजी पाथरवटाने मला घडवलं. तेव्हा राज्य निजामाचं होतं. केजकडच्या एका खेड्यात तलावाचा मोठा बांध घालायचं काम चाललं होतं. त्याची माती दाबायला मला आणलं. मला ओढायला चार बैलजोड्या लागत.

बैल हाकायचा म्हाळू. त्याची बायको दगडाबाई टोपल्याने माती वाहायची. कामाचा नियम साधा होता. वीतभर मातीचा थर, त्यावर पाणी, मग माझ्या दहा फेऱ्या. नऊ झाल्या की दहा, अशी शंका आली तर म्हाळू अकरावी मारी. दगडाबाई त्याला हसायची. पण माझ्या अंगाखाली माती कशी घट्ट होत जाई, ते मला कळायचं.

बांधाचं पश्चिमेचं टोक तेवढं उरलं असताना निरोप आला, जिल्ह्याचे तालुकदारसाहेब महिन्याभरात पाहणीला येणार. कामाचा ठेका घेतलेल्या गुत्तेदार सुंदररावाने तोवर काम उरकायला थर दोन विती केला आणि फेऱ्या तीनवर आणल्या.

म्हाळूने बैल थांबवले. "मालक, वरून गुळगुळीत दिसंल, पर पोटात माती भुसभुशीतच ऱ्हाईल. पाणी तिथूनच वाट काढंल."

"साहेबाला वरूनच बघायचंय," सुंदरराव म्हणाला. "तुला जमत नसंल तर कासरा खाली ठिव. दुसरा गडी उभा हाय."

म्हाळूने बैल हाकले. तो महिनाभर मी भराभर फिरलो, आणि प्रत्येक थर खाली कच्चाच राहिला. मला थांबता येत नव्हतं.

साहेब आले, बांधावरून चालले, खूश होऊन गेले.

दोन वर्षं तलाव निम्माच भरला. तिसऱ्या वर्षी तो काठोकाठ भरला. एका दुपारी पश्चिमेच्या पायथ्याशी म्हाळूला पाणी झिरपताना दिसलं. पाणी गढूळ होतं, म्हणजे आतली माती वाहून चालली होती. त्याने दगडाबाईला खालच्या धनगरवस्तीकडे धाडलं आणि स्वतः भोकात चिखल कोंबत राहिला. वस्ती रिकामी झाली. म्हातारी बायनाबाई तेवढी मागे राहिली होती. तिला दिसत नव्हतं. दगडाबाई तिला आणायला परत फिरली. तिला पाठीवर घेऊन ती ओढा ओलांडत असतानाच बांध फुटला.

म्हाळू लोंढ्याने बाजूला फेकला गेला, म्हणून वाचला. दोघी तिसऱ्या दिवशी सापडल्या.

चौकशी झाली. कागदावर कारण पडलं, अतिवृष्टी. म्हाळू आपणहून केजच्या कचेरीत गेला. परत आल्यावर माझ्याशेजारी बसून त्याने भावाला, सटवाला, सांगितलं, "म्या म्हणलो, थर जाड हुते, फेऱ्या तीनच झाल्या. गुत्तेदारानं सांगितलं, पर हाकलं म्याच. कारकून म्हणला, घरी जा, तुझं डोकं ठिकाणावर न्हाई."

"मग?"

"मग आलो."

बांधाची दुरुस्ती दुसऱ्या गड्याने केली, दुसऱ्या रुळाने. म्हाळूने पुन्हा कासरा धरला नाही. आता तोही नाही. मी इथे बाभळीखाली अर्धा रुतलोय. शेळ्या अंगावर चढतात, वाटसरू घटकाभर टेकतात.

तुम्हीही टेकलात, म्हणून बोललो. तुम्हाला लिहिता येत असेल तर म्हाळूचं म्हणणं लिहून ठेवा. आणि त्याखाली त्या दोघींची नावं लिहा. सरकारी कागदात तीही नाहीत.