पिवळ्या पट्ट्याचा ओंडका

मोजणीदार गेले त्याला सात महिने झाले आणि वहिनी अजून रडल्या नव्हत्या. ही गोष्ट त्या सोडून सगळ्यांना खुपत होती. नणंद पंधरा दिवस राहून गेली. ती दोघींच्या वाटणीचं एकटीच रडली आणि जाताना वहिनींच्या जावेला फोन करून म्हणाली, की ही बाई दगड झालीय, हिच्याकडे लक्ष ठेवा. पण लक्ष ठेवायचं म्हणजे करायचं काय? वहिनी सकाळी नऊला दातांच्या लॅबमध्ये जायच्या, मागच्या खोलीत प्लास्टरच्या साच्यांपुढे मान वाकवून बसायच्या, मेणात एकेक दात लावायच्या आणि साडेपाचला घरी परत. कवळीचा वरचा जबडा खालच्यावर नीट बसला नाही तर पुन्हा बसवायचा, एवढीच त्यांना काळजी. आतमध्ये भूल दिलेल्या हिरडीसारखं झालं होतं. जीभ लावली की काहीतरी आहे हे कळायचं, पण ते आपलं आहे असं वाटायचं नाही.

रविवारी मात्र त्या नदीवर जायच्याच. सात-आठ जणांचा तो कंपू होता. होड्या वल्हवायच्या आणि वाटेत झाडं पडून नदी तुंबली असेल तिथे उतरून ओंडके कापून वाट मोकळी करायची, असा त्यांचा उद्योग. त्यांना हे काम कोणी सांगितलं नव्हतं, कोणी त्याबद्दल हार घालणार नव्हतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजण्यातला तो प्रकार. पण काही माणसांना भाजल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला कोण काय करणार.

दोघांच्या होडीत पुढचा जोर लावतो आणि मागचा दिशा देतो. एकोणीस वर्षं वहिनी पुढे आणि मोजणीदार मागे. पुढच्याने सारखं मागे वळून बघायचं नसतं, होडी डुलते. त्यामुळे नदीवर वहिनींनी नवऱ्याला पाहिलं कमी आणि ऐकलंच जास्त. त्याच्या वल्ह्याचा आवाज, त्याचं खोकणं, त्याचं ते "डावीकडे, डावीकडे". आता त्याच्या जागी कंपूतला बसचा ड्रायव्हर बसायचा. तो मुळात फारसा बोलत नसे. दिवसभर प्रवाशांशी भांडून त्याची बोलायची हौस फिटलेली असायची. मागे वल्हं पाण्यात पडत राहायचं, वहिनी पुढे बघत राहायच्या आणि तेवढा वेळ काहीच बदललेलं नसायचं. त्या दर रविवारी का येतात याचं खरं कारण हे होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

मोजणीदार धंद्यानेच जमिनी मोजणारे. फार वर्षांपूर्वी कंपूने एक ओंडका कापला होता आणि त्याच्या मुळांवर तोललेला अर्धा काठ धाडकन पाण्यात बसला होता. तेव्हापासून ते आधी पुढे जाऊन प्रत्येक ओंडका तपासायचे आणि जो ठेवायचा त्यावर हातभर रुंद पिवळा पट्टा ओढायचे. पिवळ्या पट्ट्याला करवत लावायची नाही, हा नियम. ते होते तोवर या पट्ट्यांवरून सगळे त्यांच्याशी वाद घालायचे, हा माणूस काडीलाही रंग लावेल म्हणायचे. ते गेल्यावर वाद संपले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं आता त्यांचा एकेक पट्टा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती.

अडचण वळणावरच्या ओंडक्याची होती. उजव्या काठापासून अर्ध्या पात्रापर्यंत आडवा पडलेला, माणसाच्या कंबरेइतका जाड आणि मधोमध पिवळा पट्टा. उरलेलं अर्धं पात्र उथळ, चिखलाचं, तिथून होड्या खांद्यावरूनच न्यायला लागायच्या. यंदाच्या पुरात त्याला तीन झाडं येऊन अडकली, मग त्यांच्यात फांद्या, टायर, एक निळं पिंप आणि कोणाच्या तरी घराचा अख्खा दरवाजा. पाण्याला वाट उरली नाही, तेव्हा ते डावीकडे वळलं आणि नर्सरीवाल्याच्या रोपांत शिरलं. नर्सरीवाला कंपूतलाच. त्याचे दोन वाफे वाहून गेले होते आणि तिसऱ्याची माती रोज वीतभर ढासळत होती. दोनदा सगळ्यांनी मिळून वरची झाडं कापून काढली, पण मूळ ओंडका तसाच राहिल्याने तीन आठवड्यांत जागा पुन्हा तुंबायची.

त्या रविवारी सगळे काठावर उभे राहून तेच ते बोलत होते. ड्रायव्हर म्हणाला, वरचं पुन्हा काढू. कोणी म्हणालं, पण ओंडका? त्यावर नर्सरीवाल्यानेच हात वर केला.

"त्यांनी ठेवलाय म्हणजे तो काठ धरून असणार," तो म्हणाला. "कापला आणि वरची पायवाट खाली आली तर? राहू दे. मी आणखी थोडी रोपं वर नेतो."

दिवसभर रोपांना पाणी घालणारा माणूस, आणि तेच पाणी त्याच्या मुळावर आलेलं. तरी बोलला ते इतक्या साधेपणाने, की वहिनींना त्याच्याकडे बघवेना. कारण खरं काय ते त्यांना एकट्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी डबे खायला सगळे तिथे थांबले होते. वाकून वाकून वहिनींची पाठ कायमची धरलेली. त्या ओंडक्यावर बसल्या, तर मागे तुटक्या फांदीचा तिरका खुंट होता, त्यावर पाठ अगदी बेतल्यासारखी टेकली. "इथे बरं वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या. मोजणीदारांनी डबा संपवला, हात धुतले आणि निघताना त्या ओंडक्यावर पिवळा पट्टा ओढला. पुढच्या रविवारी ड्रायव्हरने कारण विचारलं, तर चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले, काठ धरून ठेवतोय तो. वहिनी पुढे बसून हसल्या, तेव्हा मागून वल्ह्याने त्यांच्या मानेवर गार पाणी उडालं होतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर सगळे ज्याची आठवण काढून हळहळतात त्या माणसाचं खोटं उघडं पडणार, आणि त्याने आपल्यासाठी ठेवलेला ओंडकाही जाणार. गप्प बसलं तर या भल्या माणसाचा तिसरा वाफा जाणार. सात महिने वहिनी ताकास तूर लागू न देता बसल्या होत्या. आज त्या म्हणाल्या,

"तो काठ-बिठ काही धरत नाही. मला पाठ टेकायला बरा पडायचा, म्हणून ठेवलाय."

ड्रायव्हर म्हणाला, "पण त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं."

मग ड्रायव्हरने टोपी काढून डोकं खाजवलं. "तीन वर्षं या चिखलातून होड्या खांद्यावर नेतोय मी," तो म्हणाला. "माझा एक बूट अजून खाली आहे." दोघंतिघं हसले. नर्सरीवाला हसला नाही. त्याने वहिनींना विचारलं, "कापू?"

"कापा," वहिनी म्हणाल्या.

दोन तास लागले. वरची झाडं दोराने बांधून एकेक करून काठावर ओढली, पिंप आणि दरवाजा बाहेर काढला. मग ड्रायव्हर प्रवाहाच्या खालच्या अंगाला कंबरभर पाण्यात उभा राहिला आणि पट्ट्याशेजारी करवत टेकवली. पिवळा भुसा पाण्यावरून वाहत गेला. ओंडका करकरला, सुटला, आणि नदी आपल्या जुन्या वाटेने चालू लागली. काठ जागचा हलला नाही. वहिनींनी सगळं पाहिलं. साच्याचं प्लास्टर फोडताना जेवढं वाटतं तेवढंच त्यांना वाटलं. म्हणजे काहीच नाही.

वाट मोकळी झाली की एका होडीने आधी जाऊन यायचं, रुंदी पुरते का आणि तळाशी काही राहिलंय का ते बघायचं, ही कंपूची पद्धत. तो मान कायम मोजणीदारांच्या होडीचा. ड्रायव्हर आणि नर्सरीवाला सुटलेल्या ओंडक्याचा दोर धरून होते. ड्रायव्हर म्हणाला, दहा मिनिटं थांबा, मी येतो मागे बसायला. वहिनी म्हणाल्या, जाते मी एकटी.

एकट्या माणसाने मागे बसायचं असतं, नाहीतर होडी ऐकत नाही. हे त्यांना माहीत होतं, पण बसल्या कधीच नव्हत्या. पुढची जागा ओलांडून त्या मागे जाऊन बसल्या, होडी लोटली आणि वर बघितलं.

समोर त्यांचीच रिकामी जागा होती. दोन वर्षांपूर्वी तिला पाठ टेकायला फळी आली होती. दुकानदाराने फुकट दिली, असं मोजणीदार म्हणाले होते. पुढून तिला मऊ गादी आणि कापड होतं. मागून ती त्यांच्या जुन्या मोजणीच्या रुंद काठीचा कापलेला तुकडा होती. लाल-काळे आकडे अजून तसेच. आधाराच्या दोन पट्ट्या नेमक्या अशा तिरक्या लावलेल्या, जसा तो खुंट होता. खाली हिरव्या दोरीच्या गाठी, त्यावर पांढऱ्या दोरीच्या, त्यावर वायरच्या. सैल झाली की पुन्हा आवळायची, पुन्हा सैल झाली की पुन्हा. मोजून, कापून त्यांनी तो खुंट होडीत आणला होता आणि हू की चू केलं नव्हतं. आणि वहिनींनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

वल्ह्याचा आवाज थांबला. वहिनींनी नेहमीसारखी मागच्या आवाजाची वाट पाहिली. मागे कोणी नव्हतं. मागे त्या स्वतःच होत्या.

होडी आपोआप त्या मोकळ्या वाटेतून गेली, आडवी झाली आणि नर्सरीच्या तिसऱ्या वाफ्याखाली चिखलात टोकाने रुतली. ड्रायव्हर करवत घेऊन धावत आला.

"अडकली ना? कुठे कमी पडली जागा?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, "जागा भरपूर आहे," आणि तोंडावर हात न घेता, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडू लागल्या. ड्रायव्हरने करवत खाली ठेवली आणि पाण्यात उतरून होडी वाहून जाऊ नये म्हणून धरून उभा राहिला.