आत ओढलेली वाळू

जुलैतल्या एका गुरुवारी सकाळी वोल्डिस माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. हातात ओल्या गोणपाटाने झाकलेली बादली होती.

"शास्त्रीणबाई, एकट्याच आहात ना?"

"मासे मोजायला कोण सोबत येतंय? काय आणलंस?"

"आधी दार लावा. ताईला यातलं काही कळता कामा नये."

ताई म्हणजे झेल्मामावशी, त्याची थोरली बहीण. तिचा मुलगा एगिल्स तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात जाळी उचलायला गेला. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. दफनभूमीत बापाच्या शेजारी त्याची जागा धरलेली आहे. दगडही बसवलाय, पण कोरा. दर उन्हाळ्यात दफनभूमीच्या रविवारी सगळं गाव थडग्यांपाशी जमतं, पाद्री दरवर्षी तिला नावाचं विचारतात आणि ती म्हणते, "सापडल्याशिवाय नाव नाही." तो रविवार आता तीन दिवसांवर आला होता.

गोणपाटाखाली एक चपटा मासा होता. मी त्याला पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून ठेवलं. एकतीस सेंटिमीटर, मादी, दोन्ही डोळे उजव्या बाजूला. या माशाचं पिल्लू आधी इतर माशांसारखंच उभं पोहतं. मग काही आठवड्यांत त्याचा एक डोळा कपाळावरून सरकत पलीकडे जातो आणि मासा आडवा होऊन तळाशी जातो, तो कायमचा. ज्या तळावर पडून राहील तसा त्याच्या पाठीचा रंग होतो. तळ तो त्वचेने ओळखत नाही, डोळ्यांनी पाहतो. डोळे झाकले तर रंग जमत नाही.

या माशाच्या पाठीवर काट्याची नक्षी होती. मधल्या एका रेषेपासून दोन्ही बाजूंना तिरक्या ओळी, शिस्तीत ओढल्यासारख्या. इथे थडग्यांभोवतीच्या वाळूत बायका दंताळ्याने ओढतात तीच.

"कुठे मिळाला?"

"बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर, बावीस मीटर खोल."

"तिथे तळाला लाटांच्या वळ्या असतील."

"वळ्या मला ठाऊक आहेत, बाई. ह्या वळ्या आहेत का?"

मी ट्रेच्या तळाशी काळे-पांढरे गोटे पसरले. घाईघाईने बदललेला रंग तासाभरात पुन्हा बदलतो. चार तासांनंतरही एक रेघ हलली नव्हती. असं व्हायला मासा महिनोन्‌महिने एकाच तळावर पडून राहावा लागतो. मग त्वचेतल्या रंगपेशींची संख्याच बदलते. मी हे वोल्डिसला सांगितलं आणि सांगताना माझ्या लक्षात आलं, की या स्पष्टीकरणाने काहीच सोपं झालं नव्हतं; मग तशी ओढलेली वाळू समुद्राच्या तळाशी असायला हवी होती.

दुपारी झेल्मामावशी न विचारता आत आली. अंगाला मासे धुरावण्याच्या आल्डर लाकडाच्या धुराचा वास, एप्रनवर माशांची खवलं.

"बंदरावर सगळे कुजबुजतायत आणि मी गेले की गप्प," ती म्हणाली. "वोल्डिस, लहानपणी साखर चोरायचास तेव्हा असाच भिंतीला टेकून उभा राहायचास. हो बाजूला."

"अगं ताई, साधा मासा आहे."

"मग साधा मासा बघते."

ती ट्रेवर वाकली. मग ओल्या बोटाने, माशाला न लावता, वरच्या वर ओळी मोजू लागली. तीन ओळी, मग रुंद जागा. पुन्हा तीन ओळी, पुन्हा रुंद जागा.

"माझ्या दंताळ्याचा चौथा दात गेलाय," ती म्हणाली. "आउस्मा, मासा इतकं हुबेहूब उतरवतो?"

"नाही, मावशी. काळं-पांढरं, मोठं-बारीक एवढंच त्याला जमतं. ओळ न्‌ ओळ कुणी उतरवल्याचं मी वाचलेलं नाही."

"हे ठिपके काय?"

प्रत्येक ओळीच्या आतल्या टोकाला, मधल्या रेषेजवळ, एकेक काळा ठिपका होता. मी ते आधी रोगाचे म्हणून नोंदवले होते.

"दंताळं जिथे थांबतं तिथे वाळूचा ढीग होतो," तिनेच उत्तर दिलं. "आपण दगडापासून सुरुवात करतो, मागे मागे सरकत वाटेवर येतो. म्हणजे आपली पावलं आपल्याच हाताने पुसली जातात. ढीग वाटेच्या बाजूला होतात. हे ढीग आत आहेत. ओढणारा वाटेकडून आत गेलाय."

"ताई, पुरे."

"बाहेर आला नाही."

माशाचा वरचा डोळा फिरला आणि झेल्मामावशीवर थांबला. ती हसली. तीन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"पोरगा सात वर्षांचा होता. शंभरदा सांगितलं, दगडाकडून सुरू कर रे. हा वाटेकडून सुरू करायचा आणि मधोमध अडकून बसायचा. नक्षी मोडेल म्हणून पाऊल टाकायचा नाही. 'आई, उचल!' मग मी कडेला उभी राहून लांबूनच त्याच्या काखांत हात घालून उचलायचे."

वोल्डिसने टोपी काढून हातात धरली.

"याला सोडून येऊ," ती म्हणाली. "आत्ताच."

मी विरोध करायला हवा होता. असा नमुना पुन्हा मिळणार नव्हता. मी बादली उचलली.

समुद्र सपाट होता, ऊन लख्ख. बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर पोचल्यावर वोल्डिसने इंजिन बंद केलं. झेल्मामावशीने बाह्या वर केल्या, मासा दोन्ही हातांवर घेतला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. मासा एकदा थरथरला, आडवाच खाली सरकला, पानासारखा डुलत दिसेनासा झाला.

तिने हात बाहेर काढले नाहीत. तळवे वर, बोटं किंचित वाकलेली. खांद्यांचे स्नायू ताणले गेले. मी तिच्या शेजारून वाकून पाहिलं. हातांवर काहीही नव्हतं, फक्त हिरवं पाणी.

"जड झालाय," ती हळूच म्हणाली.

होडी तिच्या बाजूला कलली. वोल्डिस आणि मी जागचे हललो नव्हतो. तिच्या मानेवरची शीर फुगली, ओठ पांढरे पडले. मी तिच्या कमरेला धरलं. ती पुटपुटत होती, लहान मुलाशी बोलावं तसं, पण शब्द कळत नव्हते. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि बोटं एकेक करून सरळ केली. होडी पुन्हा समतोल झाली.

तिने हात बाहेर काढून एप्रनला पुसले.

"वोल्डिस, दगडवाल्याला फोन लाव. रविवारच्या आत नाव कोर म्हणावं."