काजांची बाजू

शिंपीबुवांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. कापड कमी पडलं तरी ओरडायचे, उरलं तरी ओरडायचे. बायको मात्र मागच्या स्टुलावर मुकाट्याने काजं करत बसायची. लग्न झाल्यापासून दुकानातलं प्रत्येक काज तिच्या हातचं. मशीनच्या काजांना ती नाक मुरडायची.

आणि आज पाहतात तर काय, गिऱ्हाइकाच्या शर्टाची सगळी काजं उजव्या बाजूला! पुरुषांच्या शर्टाला ती डावीकडे असतात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कापलेलं काज काही बुजवता येत नाही. बुवांनी ओरडायला तोंड उघडलं, तर ती सुई डोळ्यांपाशी नेऊन दोरा ओवायला धडपडत होती. त्यांनी ते तसंच मिटलं. शर्ट कपाटात दडपला आणि दुसरं कापड कापायला घेतलं.

काजं आता तिच्याकडून काढून घ्यायला हवी होती. पण 'तुला जमत नाही' म्हणणं म्हणजे तिला दुकानातूनच उठवणं. ते कुठल्या तोंडाने म्हणायचं?

संध्याकाळी लेक ऑफिसातून आली. "आज फॉर अ चेंज चहा मी करते."

"म्हणजे काय गं ते?"

"नेहमीचं सोडून थोडं वेगळं, बदल म्हणून. टोमणा मारायलाही चालतं हं, बाबा. तुम्ही एखाद्या दिवशी हळू बोललात, तर आईला म्हणता येईल, 'आज फॉर अ चेंज हळू बोललात!'"

"पुरे, आगाऊ कुठली!"

सकाळी दुकान उघडल्यावर बुवांनी घसा खाकरला. "ऐकलंस का, फॉर अ चेंज मापं तू घे. माझ्या तोंडाला गिऱ्हाइकं विटलीत. काजं मी बघतो."

तिने सुई खोचून ठेवली. मग उठली, त्यांच्या गळ्यातली टेप काढून आपल्या गळ्यात अडकवली. पहिल्याच गिऱ्हाइकाशी अशा गप्पा रंगल्या, की एक शर्ट शिवायला आलेला माणूस दोन टाकून गेला. बुवा मागे बोटं टोचून घेत बसले होते.

दुपारी ती जवळ आली. त्यांचं वाकडंतिकडं काज बोटाने चाचपून म्हणाली, "उजवीकडे केली होती ना मी?"

बुवा दोऱ्याची गाठ सोडवू लागले.

"तुम्ही न बोलता दुसरं कापड घेतलंत, तेव्हाच ओळखलं. रात्रभर जीव टांगणीला. आता ओरडतील, मग ओरडतील." तिचे डोळे भरून आले आणि त्यातच हसू फुटलं. "तर तुम्ही फॉर अ चेंज ओरडलाच नाहीत!"