घडीमास्तरांची चिकटपट्टी

घडीमास्तरांना मैदानावर कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. विमानातून उड्या मारणाऱ्यांची पॅराशूटं घडी घालून पिशवीत भरायची, हा त्यांचा धंदा. त्यांची घडी कधी चुकली नव्हती, तरी प्रत्येक उडी जमिनीला टेकेपर्यंत ते वर बघत उभे राहायचे. आणि पोटची पोरगीही उड्या मारणारीच निघाली. लहानपणी चोचीएवढं खायची म्हणून तिला चिमणी म्हणायला लागले. पुढे ती खरंच उडणार आहे हे ठाऊक असतं, तर मास्तरांनी तिचं नाव म्हैस ठेवलं असतं.

आता तर ती दुसऱ्यांच्या उड्यांचं चित्रीकरण करणार होती. डोक्यावर कॅमेरा बांधून, हवेत पाहुण्यांच्या समोर राहून. सराव उसन्या हेल्मेटवर झाला होता. उद्या एक जोडपं प्रशिक्षकांच्या अंगाला बांधून घेऊन उडी मारायला येणार होतं, आणि ते काम नीट झालं की मैदानाची कायमची कॅमेरावाली तीच. म्हणून स्वतःचं हेल्मेट घ्यायला ती निघाली, आणि न बोलावता मास्तरही चपला घालून निघाले.

हेल्मेटवाल्याने टेबलावर तीन नग मांडले. एकाच्या हनुवटीवर छोटा कॅमेरा, दुसऱ्याच्या कानाच्या बाजूला, आणि तिसऱ्याच्या सपाट टाळूवर दोन, एक फोटोचा आणि एक व्हिडिओचा. चिमणीचा हात थेट तिसऱ्यावर गेला.

"हे डोकं आहे की माळा?" मास्तर म्हणाले. "पॅराशूट उघडताना मानेला हिसका बसतो. एवढं ओझं घेऊन मान राहील का जागेवर?"

"बाबा, वजन मधोमध आहे. बाजूचा कॅमेराच मान वाकडी करतो."

मास्तरांनी खिशातून पॅराशूटच्या दोरीचा तुकडा काढला आणि हेल्मेटवरून ओढायला सुरुवात केली. पुढून, मागून, तिरपा. त्यांची खरी भीती मानेची नव्हतीच. उघडत्या पॅराशूटची एखादी दोरी कॅमेऱ्यात अडकली, तर पॅराशूट वेडंवाकडं होतं आणि माणूस भोवऱ्यासारखा गरगरत खाली येतो. टाळूवरच्या कॅमेऱ्याच्या फटीत दोरी अडकली. बिजागरीपाशी पुन्हा अडकली. मास्तरांचा चेहरा उतरला.

"बाबा, आपण भाजी निवडायला आलोय का?" चिमणी दबक्या आवाजात म्हणाली. हेल्मेटवाला मिशीत हसला.

"काका, त्यासाठीच ही सोय आहे," तो म्हणाला आणि जबड्याजवळचा लाल फास दाखवला. "दोरी अडकलीच, तर हा ओढायचा. पट्टा सुटतो, हेल्मेट निघून जातं, डोकं मोकळं."

मास्तरांनी तो स्वतः वीस वेळा तरी ओढून पाहिला. प्रत्येक वेळी पट्टा सुटला. शेवटी हेल्मेटवालाच कंटाळून म्हणाला, "काका, तुटेल हो." मग कुठे मास्तरांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी पाहुण्यांना समजावून सांगायला गेली, तेव्हा हेल्मेट मास्तरांच्या ताब्यात होतं. घडी घालायच्या शेडमध्ये ते मांडी घालून बसले आणि काळ्या चिकटपट्टीने एकेक फट बुजवू लागले. मैदानावर सगळे असंच करतात, यात नवं काही नाही. पण मास्तरांचं सगळंच जरा जास्त. पट्टी लावायची, दोरी ओढून बघायची, अडकली की आणखी पट्टी. शेवटी दोरी लोण्यावरून फिरावी तशी सगळीकडून सटकली. फक्त जबड्याजवळ कुठेतरी अडत होती, तिथेही त्यांनी पट्टी दाबून बसवली आणि कितीतरी दिवसांनी निवांत श्वास सोडला.

चिमणी धावतच आली. "झालं का? विमान सुरू झालंय."

"झालं. दोरी अडकायला जागाच ठेवली नाही."

तिने हेल्मेट चढवलं, बापाकडे बघून हसली आणि पळाली.

विमान वर चढत गेलं. मास्तरांनी पुढचं पॅराशूट पसरलं. दोऱ्या सारख्या करताना समाधान म्हणून ते मनातल्या मनात पुन्हा हेल्मेटवरून हात फिरवू लागले. टाळू, बिजागरी, कान, जबडा. जबड्याजवळ काय अडत होतं?

लाल फास.

वीस वेळा ओढून पाहिलेला फास त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटवून टाकला होता! ते अनवाणीच रेडिओवाल्याच्या खोलीकडे धावले.

"विमान थांबव! पोरीचं हेल्मेट सुटणार नाही!"

रेडिओवाल्याने एक शब्द न विचारता वैमानिकाला हाक मारली. खरखर झाली. मग उत्तर आलं, "सगळे आत्ताच बाहेर पडले."

मास्तर बाहेर आले. वर काही दिसत नव्हतं. देवाला काय मागावं तेही सुचेना. पॅराशूट नीट उघडू दे म्हणावं, तर ते त्यांचं स्वतःचं काम होतं. मग एक ठिपका फुलला, दुसरा फुलला. तिसरा कुठे आहे? तिसरा कुठे आहे? कुणीतरी त्यांना खांदा धरून वळवलं. तिसरं त्यांच्या पाठीमागे होतं, सरळ, न गरगरता.

चिमणी उतरली ती नाचतच. "बाबा, काय फ्रेम मिळालीय! ती बाई हसते काय, रडते काय!"

मास्तरांची नजर तिच्या जबड्यावर होती. पट्टी तशीच होती. आता तिला जवळ घेता घेता ती हळूच काढून टाकली असती, तर पोरीला कळलंही नसतं. त्यांचा हात उचललाही गेला. पण त्यांनी तिचंच बोट धरून पट्टीवर टेकवलं.

"हे मी केलं," ते म्हणाले.

चिमणीने पट्टी ओरबाडून काढली. खालचा लाल फास तिने बोटात धरून ओढून पाहिला. तिचा रंग उडाला होता.

"तुमची एकट्याची चूक नाही," ती म्हणाली. "दारातून उडी मारायच्या आधी फास चाचपायचा असतो. उसन्या हेल्मेटवर मी कधी चुकले नाही. आज हात लावला नाही. म्हटलं, बाबांनी बघितलंय."

ती ओरडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

दुपारी आणखी एक उडी होती. मास्तर सवयीने तिच्या पॅराशूटकडे वळले, तर ते तिने आधीच चटईवर पसरलं होतं.

"आज मी घालते घडी. तुम्ही समोर बसा. हात लावायचा नाही."

मास्तर बसले. घडी घालायला त्यांनीच तिला शिकवलं होतं, पण गेली कित्येक वर्षं त्यांनी तिला ती घालू दिली नव्हती. तिचे हात चालत होते, मधेच अडत होते. दोऱ्यांचा झुबका बसवताना एक पदर तिरका पडला. मास्तरांनी जीभ दाताखाली दाबली. आणखी थोडं पुढे गेली तर ते बोलणार होते.

चिमणीने मान वर केली. "बरोबर आहे का, बाबा?"

"तू सांग," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली सारले.

तिने तिरक्या पदरावरून बोट फिरवलं. मग तिने ती घडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.